दहाव्या मजल्यावरचं पाणी

अग्निशमन विभागाच्या ना हरकत दाखल्याच्या अर्जात एक रकाना होता : विकासकाचे नाव व पत्ता. आर्किटेक्टच्या ऑफिसातली मुलगी तो कोरा ठेवून माझ्याकडे बघत बसली. आमचा स्वयंपुनर्विकास, बिल्डर नाहीच. मी म्हटलं, "सोसायटीचं नाव टाक." पुढचा रकाना स्वाक्षरी करणाऱ्याचा. तिथे माझं नाव आलं. बँकेतून व्हीआरएस घेऊन घरी बसलेली आणि 'तुम्हाला वेळ असतो ना हो' म्हणून सेक्रेटरी केलेली बाई. बँकेत अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या. स्वतःची सही करताना इतका विचार करावा लागेल असं वाटलं नव्हतं.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे राहायचं आहे, आणि पुढच्या फायलीही त्याच खिडकीवर जायच्या आहेत.

आमची जुनी इमारत १९८१ ची, तळ अधिक तीन, चोवीस बिऱ्हाडं, एकच जिना. जिन्याखाली मीटर, मीटरसमोर स्कूटरी. २०१६ च्या दिवाळीच्या आसपास एका रात्री मीटरबॉक्स पेटला. आग म्हणाल तर हातभर, खालच्या भाडेकरूंनी वाळू टाकून विझवलीसुद्धा. पण वायरींचा काळा धूर त्या एकुलत्या एका जिन्यातून वर चढला आणि आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत लोखंडी ग्रिलला तोंड लावून उभे राहिलो. ग्रिलला दार नव्हतं. वीस मिनिटं. कुणाला काही झालं नाही, म्हणून आठवड्याभरात सगळे विसरलो. स्कूटरी पुन्हा तिथेच लागल्या. माझी स्कूटी धरून.

पुनर्विकासाचं ठरलं तेव्हा आर्किटेक्टनं पहिल्याच बैठकीत विचारलं, "किती मजले?" मला वाटलं, हा प्रश्न पैशाचा आहे. होताच, पण त्याच्या पोटात दुसरा दडलेला होता. इमारत २४ मीटरच्या वर गेली की ती उंच इमारत. मग दोन जिने, फायर लिफ्ट, रेफ्यूज एरिया म्हणजे आगीच्या वेळी माणसांनी येऊन थांबायची जागा, भोवती सहा मीटरचा मोकळा रस्ता, गच्चीवर आगीसाठी वेगळी टाकी, हे सगळं मागोमाग येतं. स्टिल्टवर, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळावर, सहा मजल्यांत आटोपलं असतं तर यातलं बरंचसं सौम्य झालं असतं. काही सभासदांचा आग्रहही तोच, "सहाच करा, कटकट नको." पण बँकेचं कर्ज वरच्या चार मजल्यांतले विकाऊ फ्लॅटच फेडणार होते. म्हणून स्टिल्ट अधिक दहा, उंची ३३.१० मीटर. आठव्या मजल्याची फरशी २४.२५ मीटरवर, म्हणजे चोवीसच्या वर पहिली तीच. रेफ्यूज एरिया तिथे आला.

फाइल दाखल केली फेब्रुवारी २०२१ मध्ये. याहून वाईट मुहूर्त मिळाला नसता. नवी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली, आणि ती ऑफिसातलेही अजून वाचतच होते. त्यात जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बाळं गेली होती. राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटची धावपळ चाललेली. अग्निशमन विभागातल्या टेबलावर हिरव्या-पिवळ्या फायलींचा जो ढीग होता त्यात बहुतेक दवाखाने आणि नर्सिंग होम. आमची फाइल त्याच्या खाली. मी तक्रार करायच्या तयारीनं गेले होते, ढीग बघून नुसता इनवर्ड नंबर घेऊन परत आले. मग एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली आणि दोन महिने तो विषयच संपला.

ज्यांना या वाटेनं जायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. हा दाखला दोनदा मिळतो. पहिला प्राथमिक ना हरकत, नकाशा मंजूर होताना. त्यात विभाग सांगतो की तुम्ही काय काय बसवायचं आहे. दुसरा अंतिम ना हरकत, बांधून झाल्यावर. त्यात विभाग येऊन बघतो की बसवलंत का. दुसरा हाती आल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि भोगवटा नाही म्हणजे भाड्याच्या घरातून सुटका नाही. या सगळ्याच्या मागचा कायदा २००६ चा, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, आणि तो अमलात आला डिसेंबर २००८ मध्ये. मोजमापं बरीचशी राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागातली. मी दोन्ही वाचले. कायदा समजला, संहिता निम्मी समजली.

प्राथमिक दाखल्याआधी स्थळपाहणी झाली. अधिकारी पन्नाशीचे, खाकी गणवेश, बोलणं तुटक. मला वाटलं नकाशा उघडतील. ते गेटातून आत आले आणि सरळ औदुंबराखाली जाऊन उभे राहिले.

औदुंबर आमच्या प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. खाली दत्ताच्या पादुका, भोवती दगडी पार. दर गुरुवारी आरती. इमारत पाडा, पण पाराला हात लावू नका, हा सर्वसाधारण सभेतला एकमेव एकमताचा ठराव. नकाशावर तो पार एका छोट्या गोलानं दाखवला होता.

"इथून गाडी वळणार कशी?" साहेबांनी विचारलं.

आर्किटेक्टनं नकाशावर बोट ठेवलं, सहा मीटर सुटतात. साहेब म्हणाले, "सहा मीटर सरळ जायला. वळायला नऊ मीटरची त्रिज्या लागते. वर पंचेचाळीस टनांचं वजन तोलणारी जमीन पाहिजे. तुमच्या त्या गोलावर चाक चढतंय."

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोसायटीत जी सभा भरली तिचं इतिवृत्त मी लिहिलं नाही. चेअरमनकाका म्हणाले, देवाच्या जागेवरून गाडी नेणारा हा कोण. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "गाडी येईलच कशाला? दत्तमहाराज आहेत ना." कुणीतरी म्हणालं की साहेबांना 'भेटून' या.

भेटले नाही. म्हणजे विचार आला नाही असं नाही. पण त्याआधी मला बघायचं होतं की गाडी खरोखर वळते का. उन्हाळ्यात आमच्याकडे दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्याचा ड्रायव्हर ओळखीचा. पुढच्या गल्लीतल्या शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी आम्ही फक्कीनं प्लॉट आखला. इमारतीचा चौकोन, कुंपण, गेट आणि पाराचा गोल. कबड्डीचं मैदान आखणाऱ्या शिपायानंच आखून दिलं. टँकर आत आला, उजवीकडे वळला, आणि मागचं डावं चाक फक्कीच्या गोलावरून सव्वादोन फूट आतून गेलं. ड्रायव्हरनं तीनदा मागेपुढे करून पाहिलं. "ताई, रात्री धुरात मी असा मागंपुढं करत बसू का?" असं तो म्हणाला आणि चेअरमनकाका गप्प झाले. टँकर आणि फायरची गाडी एकसारखी नसते हे मलाही माहीत आहे. पण नकाशावर जे कुणालाच दिसत नव्हतं ते फक्कीत सगळ्यांना दिसलं.

मग इमारत चाळीस सेंटिमीटर सरकली, आणि पार त्या बाजूनं एक हात कमी झाला. झाडाला धक्का नाही, पादुका जागच्या जागी, पण पार आता पूर्ण गोल नाही, एका बाजूनं कापलेल्या भाकरीसारखा दिसतो. प्रत्येक फ्लॅटमधून थोडी जागा गेली, त्याचे टोमणे मी अजून ऐकते. जुलै २०२१ मध्ये प्राथमिक ना हरकत हातात पडलं. चौतीस अटी, खाली बारीक अक्षरात, अटींची पूर्तता न केल्यास हा दाखला रद्द समजावा.

शुल्काबद्दल इतकंच, बांधकामाच्या क्षेत्रफळावर लागतं, आणि बजेट करताना ते वेगळ्या ओळीत धरा. आम्ही 'किरकोळ' मध्ये धरलं होतं.

बांधकामाची दोन-अडीच वर्षं इथे सांगत नाही, तो वेगळाच पुराणाचा विषय आहे. फक्त पाइपांचं सांगते.

आग विझवायची यंत्रणा कुणीही बसवून चालत नाही. राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेलीच एजन्सी लागते, कारण शेवटी 'फॉर्म ए' तीच देणार. आम्ही तीन कोटेशनं मागवली. सगळ्यात स्वस्तवाल्याचा परवाना संपून पाच महिने झाले होते. "नूतनीकरणाला टाकलाय" म्हणे. बँकेतली सवय कामी आली, कागदावरची तारीख मी आधी बघते आणि रक्कम नंतर. मधलं कोटेशन घेतलं.

माल आला त्या दिवशी मी साइटवर होते. आमच्या सल्लागाराचा साइट इंजिनीअर, लातूरकडचा पंचविशीतला मुलगा, पाइपांच्या गठ्ठ्याशी उकिडवा बसून काहीतरी बघत होता.

"काकू, पट्टा बघा."

पाइपावर बोटभर रुंदीचा निळा पट्टा होता. त्यानं सांगितलं, पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. आपल्या ऑर्डरमध्ये जड लिहिलंय, 'सी क्लास'. बाहेरून दोन्ही पाइप सारखेच जाड, फरक भिंतीत. त्यानं दोन तुकड्यांची तोंडं माझ्यासमोर धरली तरी माझ्या डोळ्यांना काही कळलं नाही. पट्टा तेवढा कळला. लाल रंग मारला की बसलं सगळं, एकदा भिंतीवर चढला की कोण खरवडून बघतो? एजन्सीच्या माणसानं गोदामातून चुकून आल्याचं सांगितलं. असेलही. गाडी परत गेली, आठ दिवसांनी लाल पट्टा आला. त्या मुलाला मी नंतर विचारलं, तुला हे कॉलेजात शिकवलं? "नाही काकू, पहिल्या साइटवर शिव्या खाऊन शिकलो."

आमच्या उंचीच्या इमारतीला डाउनकमर. म्हणजे गच्चीवर २५,००० लिटरची टाकी फक्त आगीसाठी, तिच्यातून मोठा पाइप खाली, प्रत्येक मजल्यावर हायड्रंट, म्हणजे आगीची नळी जोडायचं तोंड, आणि होज रील, म्हणजे गुंडाळून ठेवलेली नळी. खालच्या मजल्यांना पाणी आपल्या वजनानंच जोरात येतं. पंचाईत वरच्यांची. दहावा मजला टाकीच्या लगेच खाली, तिथे नुसतं पाणी येईल, जोर येणार नाही. म्हणून गच्चीवर मिनिटाला ९०० लिटर उपसणारा बूस्टर पंप. सगळ्यात अडचणीच्या हायड्रंटवर दाब साडेतीन किलो मिळाला पाहिजे. हे मी आता पाठ म्हणावं तसं सांगते, तेव्हा 'डाउनकमर' हा शब्द मला कुणाचं तरी आडनाव वाटला होता.

एप्रिल २०२४ मध्ये एजन्सीनं पंप चालवून दाखवला. दहाव्या मजल्यावरून नळीनं पाणी सोडलं, ते पार शेजारच्या प्लॉटवर. टाळ्या पडल्या. फोटो काढले. फॉर्म ए तयार झाला, सगळी यंत्रणा बसवली आहे व कार्यक्षम आहे. त्यावर एजन्सीची सही-शिक्का, शेजारी माझी सही. अंतिम ना हरकतचा अर्ज ऑनलाइन गेला, मे महिन्यात पाहणीची तारीख लागली.

साहेब तेच. सोबत दोन जवान. ड्राइव्ह-वेवर फरश्यांचा ढीग आणि वाळू पडलेली, त्याकडे बघून म्हणाले, "आधी हे." मग लिफ्टकडे न वळता जिन्यानं वर निघाले. आम्ही मागे. चौथ्या मजल्यापर्यंत चेअरमनकाका होते, नंतर त्यांचा नुसता आवाज येत होता.

प्रत्येक मजल्यावर साहेबांचं एकच, जिन्याचं फायर डोअर उघडायचं आणि सोडून द्यायचं. दार आपणहून बंद होऊन कुलपाची जीभ खटकन बसली पाहिजे. ही दारं दोन तास आग अडवणारी, वजनदार. सहाव्या मजल्यावरचं दार चौकटीपाशी येऊन बोटभर उघडं राहिलं. साहेबांनी पुन्हा सोडलं. पुन्हा बोटभर. "एवढ्यातून धूर येतो," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. मला त्या क्षणी जुनी गॅलरी आठवली, ग्रिलच्या लोखंडाचा तोंडात आलेला गंज.

सातव्या मजल्यावर त्यांनी इलेक्ट्रिक डक्टचं झाकण उघडलं आणि एका जवानाला खाली पाठवलं. दोन मिनिटांनी आमच्या पायाशी, केबलींच्या मधून, बॅटरीचा पिवळा उजेड आला. जवान सहाव्या मजल्याच्या डक्टमध्ये टॉर्च धरून उभा होता. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला केबलींभोवतीची फट आग न घेणाऱ्या मसाल्यानं बुजवायची असते. बुजवली होती. नंतर इंटरनेटवाल्याची केबल टाकायला कुणीतरी ती पुन्हा फोडली होती. साहेबांनी मला काही समजावलं नाही, नुसतं "उजेड येतो तिथून धूर येतो" इतकंच म्हणाले. दिवसभरात त्यांचं सगळ्यात लांब वाक्य हेच.

मग दहावा मजला. जवानानं पेटीतून नळी काढली, पंधरा मीटरची, झटक्यात उलगडली, हायड्रंटच्या तोंडात कपलिंग खटकन बसवलं, टोकाला नोझल. दुसरा जवान दाबमापक घेऊन. गच्चीवरून इलेक्ट्रिशियन ओरडला, "चालू!" पंपाची घरघर ऐकू आली. व्हॉल्व्ह फिरवला.

नळी थोडी फुगली. नोझलमधून पाणी आलं, कमानीत वर न जाता कुंडीला घालावं तसं खाली पडलं. कठड्याबाहेरही गेलं नाही. जवानाच्या बुटांवर पडत राहिलं. काटा एकच्या खाली.

कुणीच काही बोललं नाही. एजन्सीचा माणूस हवा अडकली असेल म्हणाला. हवा काढली. तेच. साहेब गच्चीवर गेले, पंपाच्या मागच्या पंख्याच्या जाळीपाशी वाकून बसले, मग पंपाच्या अंगावर ओतीव लोखंडातच उमटवलेल्या बाणावर बोट ठेवलं. "हा बाण इकडे. पंखा फिरतोय तिकडे."

पंप उलटा फिरत होता. आदल्या आठवड्यात पॅनेलमधला स्टार्टर बदलला होता, तेव्हा तीन फेजपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली. उलटा फिरणारा पंप बंद पडत नाही, आवाज तोच करतो, थोडंफार पाणीही देतो. म्हणून कुणाला कळलं नाही. इलेक्ट्रिशियननं दहा मिनिटांत दोन वायरी सोडवून उलट जोडल्या, आणि दहाव्या मजल्यावर काटा सव्वाचारवर जाऊन थांबला. नळी इतकी ताठ झाली की तिला धरायला दुसरा जवान धावला. पाणी शेजारच्या प्लॉटवरून पुढच्या रस्त्यावर.

मला वाटलं, झालं. साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "त्रुटी सात. पंपाचीही लिहितो."

"पण साहेब, तो तर आत्ता..."

"मॅडम, या फॉर्मवर कार्यक्षम लिहिलंय. सही तुमची पण आहे. मी आज आलो म्हणून कळलं."

एजन्सीच्या माणसाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला तेव्हा त्याचा रागच आला होता, मीच का, सही तर त्याचीही होती. घरी येऊन मी फॉर्म ए ची प्रत काढली. कायद्यात जबाबदारी मालकाची आणि भोगवटादाराची. आमच्याकडे मालक, विकासक, भोगवटादार, तिन्ही एकच. अर्जावरच्या त्या रकान्याचा अर्थ तेव्हा नीट लागला.

त्रुटीपूर्ततेला आणि दुसऱ्या पाहणीची तारीख मिळायला एकोणीस दिवस लागले. चोवीस घरांचं भाडं महिन्याला २२ हजारांप्रमाणे ५ लाख २८ हजार, सोसायटीच्या खात्यातून. वर बँकेचं व्याज. ग्रुपवर रोज हिशेब मांडला जायचा, एका दिवसाचे इतके. दोन वायरींसाठी पावणेचार लाखांच्या आसपास, असं एकानं लिहिलं आणि खाली बारा अंगठे. त्याच आठवड्यात ऑफिसच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले, काखेत चार फायली. "ताई, आधी मला बोलला असतात तर पाहणीच्या दिवशीच कागद हातात दिला असता." आकडाही सांगितला. तो आमच्या एकोणीस दिवसांच्या भाड्यापेक्षा कमी होता. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप आली नाही. गणित त्याच्या बाजूनं होतं. मी त्याला फोन केला नाही, यात माझा फार मोठेपणा नाही. जवानाच्या बुटांवर पडणारं ते पाणी सारखं डोळ्यांपुढे येत होतं, इतकंच.

दुसऱ्या पाहणीला अर्धा तास लागला. सहाव्या मजल्याचं दार खटकन बसलं. सातव्या मजल्यावर पायाशी अंधार. जुलै २०२४ मध्ये अंतिम ना हरकत, पाठोपाठ भोगवटा.

राहायला आल्यावर आठवड्याभरात जिन्यात पहिला चपलांचा रॅक आला. मग सायकल. चौथ्या मजल्यावरच्या फायर डोअरखाली वीट, कारण सारखं दार ढकलून हात दुखतो. मी वीट उचलून आणते, दोन दिवसांनी दुसरी वीट. बांधकाम संपलेल्या इमारतीत एवढ्या विटा येतात कुठून हे मला न सुटलेलं कोडं. आठव्या मजल्याच्या रेफ्यूज एरियात ऊन छान येतं, तिथे मार्चमध्ये पापडांची प्लास्टिकं अंथरली गेली. पापडांना माझी हरकत नाही, ते उचलता येतात. पण एका सभासदानं तिथे जाळी मारून कुलूप लावायचा ठराव आणला, 'मुलं खेळतात, धोका आहे' म्हणून. आठव्या मजल्याच्या वर आग-धूर झाला तर माणसं जिथे येऊन थांबणार तिथे कुलूप. ठराव पडला, नऊ विरुद्ध सात मतांनी. सात!

वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'फॉर्म बी' परवानाधारक एजन्सीकडून घेऊन विभागाला द्यावा लागतो. जानेवारी २०२५ ला मी एका एजन्सीला फोन केला. पलीकडून, "मॅडम, यायची गरज नाही. जुना फॉर्म व्हॉट्सअॅप करा, नवीन तारीख टाकून संध्याकाळी पाठवतो." दर सांगितला, तो माणूस पाठवणाऱ्यांच्या निम्मा. मी म्हटलं, माणूस पाठवा, आणि त्याला सांगा, पंपाचा पंखा कुठल्या बाजूनं फिरतोय ते मला दाखवायचं. फोनवर थोडा वेळ शांतता. दुसरी एजन्सी बघितली. त्यांचा माणूस आला, मी त्याच्या मागोमाग गच्चीवर गेले आणि बाणाशी वाकून बसले. आता गुडघे तक्रार करतात.

एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला, त्यात विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीचा. विभागाला पत्र दिलं होतं, त्यांनी आमच्याकडे सराव घ्यायचं कबूल केलं. सकाळी दहाला भोंगा वाजला. ठरल्याप्रमाणे लिफ्ट बंद, सगळ्यांनी जिन्यानं उतरून पारापाशी जमायचं.

पहिली मुलं आली, दीड मिनिटात, ओरडत. मग नोकरीवाले, फोनवर बोलत. जुन्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आता नवव्यावर राहतात. त्या कठडा धरून, एकेक पायरी, मध्ये रेफ्यूज एरियात पापडांकडे एक नजर टाकून, अकरा मिनिटांनी खाली आल्या. एका जवानानं उचलून आणू का विचारलं तर त्याला म्हणाल्या, "खरी आग लागेल तेव्हा उचल."

तेवढ्यात गेटातून गाडी आत आली. खरी, लाल. मी पाराच्या कापलेल्या कडेशी उभी होते. गाडी उजवीकडे वळली, एका दमात, मागचं चाक पारापासून चार बोटं अंतरावरून गेलं. चेअरमनकाका बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण टाळ्या वाजवायला सुरुवात त्यांनीच केली.

ड्रायव्हरनं गाडी थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघितलं. औदुंबराची एक फांदी गाडीच्या टपाला घासत होती. चार वर्षांत बरीच खाली आली होती.

"मॅडम, ही फांदी तेवढी छाटून घ्या."

छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याचा अर्ज मी त्याच दुपारी उघडला. पहिला रकाना, अर्जदाराचे नाव.